‘ताप मेंदूत जाईल’ ही भीती आणि रात्री अडीचचा निर्णय

वारज्याहून एका आईने विचारलं आहे. मुलगा अडीच वर्षांचा, वजन १२ किलो. परवा रात्री अडीच वाजता ताप १०३.८ होता आणि औषध काढेपर्यंत त्याला आकडी आली. डोळे वर गेले, अंग ताठ झालं, मग हातपाय झटकायला लागले. दोनेक मिनिटांत थांबलं. दवाखान्यात नेलं, तिथे तपासून काही तास ठेवून घेतलं आणि सकाळी घरी सोडलं. सासूबाई म्हणतात, ताप वेळेवर उतरवला नाही म्हणून तो मेंदूत गेला. तेव्हापासून ही आई दर तासाला थर्मामीटर लावते आहे आणि ताप १०० च्या वर दिसला की पॅरासिटामॉल देते आहे, कधी कधी तीन तासांच्या आतच. तिचा प्रश्न असा: किती डिग्रीला मेंदूला इजा होते, आणि ताप पटकन खाली आणायला अजून काय देऊ?

मी बालरोगतज्ज्ञ आहे, पुण्यात २६ वर्षं प्रॅक्टिस करते. आधी औषधाचं बोलते, कारण ते आज रात्रीचं आहे.

पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो: दर किलोला १५ मिलिग्रॅम. म्हणजे तुमच्या मुलाला एका वेळी १८० मिलिग्रॅम. दोन डोसांत किमान चार तास, शक्यतो सहा, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. आता घरातली बाटली हातात घ्या आणि लेबल वाचा. आपल्याकडे हेच औषध ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम असंही मिळतं आणि ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम असंही. तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये तर एका मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं. पहिल्या बाटलीतून तुमच्या मुलाला साधारण ७ मिली लागेल, दुसरीतून साडेतीन. नेहमीची बाटली संपली, मेडिकलवाल्याने दुसरी दिली आणि आईने सवयीने ७ मिलीच पाजलं, की डोस दुप्पट झाला. हे मी दरवर्षी बघते. दर तीन तासांनी दिलं तर दिवसाचे आठ डोस होतात, आणि दोन-तीन दिवस असं चाललं तर यकृताला खरोखर इजा होऊ शकते. गेल्या दोन दिवसांत किती वाजता किती मिली दिलं ते आठवून कागदावर लिहा. दिवसात चारच्या वर डोस गेले असतील तर मूल खेळत असलं तरी आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करून तो हिशोब सांगा.

‘अजून काय देऊ’ याचं उत्तर: काही नको. पावसाळ्यात, डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिड ही औषधं घरच्या घरी देऊ नका. रक्तस्रावाचा धोका वाढतो. ॲस्पिरिन तर मुलांच्या तापात अजिबात नाही. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्याकडे २०११ पासून बंद आहे, तरी जुन्या पट्ट्या घरात सापडतात. त्या टाकून द्या.

आता मूळ गोष्ट. तुम्ही डिग्री विचारलीत, पण मला वाटतं तुम्हाला कळायला हवं आहे ते हे, की रात्री अडीच वाजता मूल तापलेलं असताना सकाळपर्यंत थांबायचं की गाडी काढायची. थर्मामीटरकडे त्याचं पूर्ण उत्तर नसतं, आणि आपण सगळे रात्रभर त्याच्याकडेच बघत बसतो.

ताप म्हणजे काय होतं बघा. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग शरीराचं तापमान ठरवतो. शरीरात जंतू शिरले की पांढऱ्या पेशी जी रसायनं सोडतात, त्यांच्यामुळे तो भाग आपली पातळी वर नेऊन ठेवतो: आता ९८.६ नको, १०३ हवं. मग शरीर तिथे पोचण्यासाठी थरथरतं, हातपायांचं रक्त आत ओढून घेतं, म्हणून ताप चढताना मुलाचे तळवे गार आणि पोट भट्टीसारखं लागतं. म्हणजे हा शरीराने स्वतः चढवलेला ताप असतो आणि त्याला शरीराचाच वरचा लगाम असतो. संसर्गाच्या तापात पारा १०६ च्या पलीकडे क्वचितच जातो. १०३ किंवा १०४ ताप मेंदूच्या पेशी जाळत नाही. पॅरासिटामॉल ती वर गेलेली पातळी थोडी खाली आणतं, तासा-दीड तासात साधारण एक-दोन डिग्री. १०४ चा १०२ झाला तर औषधाने त्याचं काम केलं. तो ९८.६ व्हायलाच हवा असं नाही, आणि झाला म्हणजे आजार साधा होता असंही नाही. औषध मुलाला बरं वाटावं म्हणून द्यायचं, म्हणजे ते दोन घोट पाणी पितं, झोपतं. १०१ ताप आहे आणि मूल गाड्या फिरवतंय, तर त्याला औषध पाजायची गरज नाही. झोपलं असेल तर त्यासाठी उठवू तर मुळीच नका.

वाढलेल्या तापमानाने मेंदूला इजा होत नाही, याला एकच मोठा अपवाद आहे, तो म्हणजे उष्माघात. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत राहिलेलं मूल, किंवा भर दुपारी उन्हात काम करणारा माणूस. तिथे पातळी कुणी वर नेलेली नसते, उष्णता बाहेर टाकायची यंत्रणाच कोलमडलेली असते. तिथे १०४ च्या पुढे माणूस बरळायला लागतो, बेशुद्ध होतो, आणि ते तापमानच मेंदूला, यकृताला, मूत्रपिंडांना इजा करतं. पॅरासिटामॉलचा उपयोग शून्य. अंगावर पाणी ओतायचं, जोराचा वारा घालायचा आणि उचलून दवाखान्यात न्यायचं. ‘खूप तापलं की मेंदू जातो’ हे खरं आहे ते इथे.

आता आकडी. सहा महिने ते पाच वर्षं या वयात, तापात आकडी येणं शंभरातल्या दोन ते पाच मुलांत होतं. घराण्यात कुणाला लहानपणी आली असेल तर शक्यता जास्त. मुलाच्या वडिलांना आली होती का, हे तुमच्या सासूबाईंनाच विचारा, मला बरेचदा याचं उत्तर ‘हो’ असं मिळतं. अख्ख्या अंगाला आलेली, पंधरा मिनिटांच्या आत आपोआप थांबलेली, २४ तासांत एकदाच आलेली आणि नंतर मूल पूर्ण शुद्धीवर आलेलं, तर ती साधी आकडी. तुमच्या वर्णनावरून मुलाची तशीच वाटते, आणि दवाखान्यात तपासून घरी सोडलं त्यावरूनही तेच दिसतं. तिने मेंदूला इजा होत नाही, अभ्यासात मूल मागे पडत नाही. पुढे फेफरं लागण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा अगदी किंचित जास्त असते. अशा एका आकडीनंतर सीटी स्कॅन किंवा ईईजी (मेंदूचा विद्युत आलेख) करायची गरज नसते. तीनातल्या एका मुलाला मात्र पुढच्या एखाद्या तापात ती पुन्हा येते, याची तयारी ठेवा.

आणि हे तुम्ही सासूबाईंना माझ्या वतीने सांगा: वेळेवर औषध दिलं असतं तर आकडी टळली असती, असं नाही. पॅरासिटामॉल नियमित देऊनही आकड्या कमी होत नाहीत, हे बऱ्याच वर्षांपूर्वी अभ्यासांत दिसून आलं आहे. कित्येकदा आकडी ताप चढतानाच येते. ताप आहे हे आईला आकडीनंतर कळतं. तुमच्या हातून काही राहून गेलेलं नाही.

मग ‘ताप मेंदूत गेला’ हे शब्द आले कुठून? आपल्या आज्यांनी तशी मुलं पाहिली होती म्हणून आले. मेंदूज्वर, मेंदूच्या आवरणाचा दाह, मेंदूपर्यंत गेलेला मलेरिया. त्या मुलांना कडक ताप असायचा, आकड्या यायच्या, आणि ती दगावायची किंवा कायमची अधू व्हायची. घरातल्या बाईला दिसायचा तो ताप, म्हणून दोष तापाला. नागपूरजवळच्या चांदिपुरा गावाचं नाव एका विषाणूला आहे. १९६५ मध्ये तो आपल्या पुण्यातल्याच विषाणू संशोधन केंद्राने शोधला, आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही. त्याच्या आजारात सकाळी तापलेलं मूल संध्याकाळी बेशुद्ध असू शकतं. पुणे शहरात माझ्याकडे असा रुग्ण आलेला नाही, पण उदाहरण महत्त्वाचं आहे, कारण तिथे विषाणू स्वतः मेंदूवर हल्ला करतो. ताप त्याच्याबरोबर आलेला असतो. नुसता ताप उतरवून तो आजार थांबत नाही. म्हणून आकडीनंतर मी पारा नंतर बघते. आधी बघते की मूल अर्ध्या-एक तासात आईला ओळखतंय का, पाणी मागतंय का, मान पुढे वाकवल्यावर कळवळतंय का, आणि अंगावर दाबूनही न जाणारे लालजांभळे ठिपके आहेत का.

काही वर्षांपूर्वीची ऑगस्टमधली एक संध्याकाळ मला स्पष्ट आठवते. बाहेर पाऊस, आत गर्दी. एका आईने मुलीला जवळजवळ पळत आत आणलं, ताप १०४.२. ती तीन वर्षांची बाई गाल लाल करून टेबलावर बसली, माझ्या स्टेथोस्कोपची नळी ओढली आणि पर्समधलं बिस्कीट मागितलं. तिच्यामागून, रांग मोडायची नाही म्हणून शांतपणे थांबलेले एक आजोबा आले. नातू खांद्यावर. ‘डॉक्टर, ताप तर सकाळीच उतरला, ९९ आहे, फक्त जरा मलूल आहे म्हणून दाखवायला आणला.’ मी त्याचा हात हातात घेतला. गार आणि चिकट. बोटाचं टोक दाबून सोडलं, तर पांढरी झालेली कातडी लाल व्हायला चार सेकंद लागले. दोनच्या आत व्हायला हवी. पोटाला हात लावला की तो कण्हायचा. लघवी कधी केली विचारलं तर आजोबांना आठवेना, मग म्हणाले, पहाटे. तो पाचवा दिवस होता, डेंग्यूचा. मुलीला मी दोन दिवसांचं औषध देऊन घरी पाठवलं. मुलाला तिथूनच अतिदक्षता विभागात हलवलं, शिरेतून पाणी सुरू झालं, आणि तो वाचला.

डेंग्यूमध्ये ताप असताना जेवढा धोका असतो त्याहून तो उतरताना असतो, ही गोष्ट पुण्यातल्या प्रत्येक घराला माहीत हवी. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, आणि त्या सुमाराच्या २४ ते ४८ तासांत काही मुलांत रक्तवाहिन्यांमधून पाणी बाहेर झिरपतं. रक्त घट्ट होतं, रक्तदाब कोसळतो. घरच्यांना वाटतं, उतरला एकदाचा. पोट सतत दुखणं, पुन्हा पुन्हा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, फार चिडचिड किंवा फार गुंगी, सहा तास लघवी नाही, हातपाय गार: ताप उतरलेल्या मुलात यातलं एकही दिसलं तर तासभरही थांबू नका. चढत्या तापात तळवे गार असणं आणि उतरलेल्या तापात तळवे गार असणं, यात एवढा फरक आहे. नुसत्या प्लेटलेटच्या आकड्यामागे लागू नका. रिपोर्टमधला हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय ते दाखवणारा आकडा, चढतोय का हे डॉक्टरांना विचारा. डेंग्यूची एनएस१ ही रक्तचाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते, पण ती निगेटिव्ह आली म्हणून लक्ष काढून घेऊ नका.

दुसरी गोष्ट श्वासाची. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तेव्हा शहर हादरलं होतं. आमच्या दवाखान्यात १०० ताप असलेली मुलं तोंडाला रुमाल बांधून रांगेत असायची. त्या दिवसांत मी आयांना एकच गोष्ट शिकवत होते, आजही शिकवते. मूल शांत किंवा झोपलेलं असताना त्याच्या पोटावरचा सदरा वर करा, मोबाइलवर एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० किंवा जास्त, एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. ताप थोडा उतरल्यावर मोजा, कारण तापात श्वास वाढतोच. उतरल्यावरही जलदच असेल, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डे पडत असतील, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची आणि निघायचं.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, तिथे मी सरसकट नियम सांगू शकत नाही. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर १००.४ हाही ताप तातडीचा. ते हसतंय, दूध पितंय म्हणून सकाळची वाट बघू नका. हृदयाचा आजार, मूत्रपिंडाचा आजार, सिकलसेल, स्टेरॉइड चालू असलेलं मूल, यांचे नियम वेगळे, ते तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. घर कुठे आहे यावरही ठरतं. वारज्यात दवाखाना दहा मिनिटांवर असेल. पानशेतकडे राहणाऱ्या आईला मी थांबू नका असंच सांगेन, आणि विसर्जनाच्या दिवशी पेठेत राहणाऱ्या आईलाही दुपारीच या म्हणेन. ताप पाच दिवस टिकला तर मूल बरं दिसत असलं तरी कारण शोधायलाच हवं: टायफॉइड, लघवीचा संसर्ग, कधी कावासाकीसारखा हृदयाच्या रक्तवाहिन्यांना धोका असलेला आजार. टायफॉइडची शंका असेल तर रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घ्यायचं असतं. म्हणून मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक देऊन ठेवू नका. नंतर आम्हाला काहीच कळत नाही.

घरी काय करायचं ते थोडक्यात. सुती पातळ कपडे, पंखा मंद, दुलई आणि कानटोपी नको. कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या माझी आईही ठेवायची. मुलाला बरं वाटत असेल तर ठेवा, साधं नळाचं पाणी पुरतं. बर्फ, गार पाण्याची आंघोळ नको, मूल कुडकुडतं आणि उलट तापतं. तापात लंघन म्हणून मुलाला उपाशी ठेवू नका; जेवण गेलं तरी चालेल, पण पेज, ताक, नारळपाणी, ओआरएस घोटघोट जात राहिलं पाहिजे. थर्मामीटर काखेत लावत असाल तर तो अर्धा-एक डिग्री कमी दाखवतो, डॉक्टरांना फक्त ‘काखेत इतका’ असं सांगा. आणि तासातासाला लावू नका. दिवसातून चार वेळा पुरे.

आकडी पुन्हा आली तर: जमिनीवर किंवा पलंगाच्या मधोमध कुशीवर वळवा, तोंडातला घास-लाळ बाहेर येऊ द्या, आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नका. चमच्याने दात तुटलेली मुलं मी पाहिली आहेत. कांदा किंवा चप्पल हुंगवून काही होत नाही, त्यात हात अडकतात. हातपाय दाबून धरू नका. दुसऱ्या कुणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा, मला त्यातून आईच्या वर्णनापेक्षा जास्त कळतं. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन किंवा थेट गाडी. पाच मिनिटांनंतर नाकात मारायचा, आकडी थांबवणाऱ्या मिडाझोलाम या औषधाचा फवारा घरी ठेवता येतो. किती फवारे ते वजनावर ठरतं, तुमच्या डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून आणि हातात धरून शिकून घ्या. आकडी आपोआप थांबली तरी पहिल्यांदा आलेली असेल, एकाच बाजूला आलेली असेल, त्याच दिवशी दुसऱ्यांदा आली असेल, किंवा नंतर मूल नीट जागं होत नसेल तर रात्र असो वा दिवस, दाखवायचंच.

तुमच्या मुलाचा उद्या चौथा दिवस. आज रात्री त्याला थोडं थोडं पाजा, श्वास एकदा मोजा, आणि तापाच्या तक्त्याशेजारी लघवीच्या वेळा लिहा. उद्या सकाळी ताप असो वा नसो, त्याच डॉक्टरांकडे हिमोग्रामसाठी (रक्तातल्या पेशींची तपासणी) न्या आणि तो कागद त्यांच्यासमोर ठेवा. ताप उतरला तर पुढचे दोन दिवस त्याला पाळणाघरात पाठवू नका, तुमच्या नजरेसमोर ठेवा.